यंत्र दिलंत, आता त्याच्याजवळ बसायला माणूस द्या

प्रति,
मा. अधिष्ठाता, मराठवाड्यातील सर्व शासकीय वैद्यकीय महाविद्यालये,
मा. जिल्हा शल्यचिकित्सक, छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, लातूर, धाराशिव, नांदेड, परभणी व हिंगोली

विषय : अतिदक्षता विभागात डायलिसिस व तत्सम यंत्र चालू असताना नळ्यांत व फिल्टरमध्ये रक्ताची गुठळी होऊ नये, यासाठी स्वतंत्र माणूस मिळणेबाबत

महोदय, महोदया,

मी अधिपरिचारिका आहे. सोळा वर्षं झाली, मराठवाड्यातल्या सरकारी दवाखान्यांत काम करते, त्यातली बहुतेक अतिदक्षता विभागात गेली. आपल्यापैकी काहींच्या हाताखाली मी काम केलं आहे. अर्ज दोनदा दिला, आवक क्रमांक मिळाला, पुढं काही झालं नाही. म्हणून हे उघड पत्र. कुठल्या दवाखान्यात काय झालं हे नावानिशी लिहीत नाही, कारण मला कुणाची चौकशी लागायला नको आहे.

दोन वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर. सोयाबीन काढणीचे दिवस. पन्नाशीच्या एका बाईला गंजी लावताना हाताला घोणस चावली. आमच्याकडं आली तेव्हा हिरड्यांतून रक्त येत होतं, जिथं जिथं सुई टोचली तिथून पाझरत होतं. काचेच्या कोरड्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हात लावायचा नाही, मग एकदाच तिरपी करून बघायची, ही चाचणी आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. तिची नळी तिरपी केली आणि रक्त पाण्यासारखं वाहिलं. सापाच्या विषावरची लस दिली, सहा तासांनी परत नळी, परत लस. तिसऱ्या दिवशी नळीत गोळा धरला. आम्ही सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. पण लघवी बंद झाली होती. चौथ्या दिवशी संध्याकाळी डायलिसिस लावायचं ठरलं.

रक्तदाब कमी, म्हणून हळू चालणारं, सहा तासांचं डायलिसिस. रक्तस्राव नुकताच थांबलेला, म्हणून रक्त गोठू न देणारं औषध, हेपॅरिन, द्यायचं नाही. त्याऐवजी दर अर्ध्या तासानं शंभर मिली सलाईन सोडून फिल्टर धुऊन काढायचा. आदेश अगदी बरोबर होता. आता या बाईचं रक्त गोठायला लागलं आहे, म्हणजे ते यंत्रातही गोठणार, हे डॉक्टरांनी ओळखलं होतं. रात्रपाळीला आम्ही दोघी होतो आणि पेशंट अकरा.

दीड वाजताचा सलाईनचा फेरा मी स्वतः दिला. दोनला तीन नंबरच्या कॉटवरचा पेशंट थांबला आणि आम्ही दोघी त्याच्या छातीवर दाब द्यायला लागलो. त्या बाईचा मुलगा, असेल चोवीस-पंचवीसचा, तिच्या पायाशी बसला होता. तो पडद्यापाशी आला आणि म्हणाला, "ताई, पाइपातलं रगत काळं पडायलंय." मी म्हणाले, "आले, आले." थोड्या वेळानं पुन्हा आला. "ताई, लई काळं पडायलंय हो." मी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. अलार्म वाजला तो त्यानंतर.

मी पोचले तेव्हा अडीच वाजून गेले होते. शिरेकडं परत जाणाऱ्या नळीवर जो छोटा कप असतो, त्यात जांभळाच्या गरासारखा गोळा बसला होता. फिल्टरच्या आतले धागे रक्त चालू असताना सगळीकडून सारखे लाल दिसतात, त्यांत काळ्या रेघा ओढल्यासारख्या दिसत होत्या. रक्त परत देता येईना. गुठळी झालेलं रक्त पेशंटच्या अंगात ढकलायचं नसतं. नळ्यांतलं आणि फिल्टरमधलं मिळून जवळजवळ दोनशे मिली रक्त सेटसकट टाकून द्यावं लागलं. तिचं हिमोग्लोबिन सात होतं. तो मुलगा पहाटे तीन वाजता कुणाची तरी मोटरसायकल मागून रक्तपेढीत गेला.

बाई वाचली. सतराव्या दिवशी लघवी मोकळी झाली, महिन्यानं चालत घरी गेली. पण मला कारणे दाखवा नोटीस आली की डायलिसिसचा सेट वाया का गेला. मी उत्तर लिहिलं. त्या रात्री अकरा पेशंटना दोघी होत्या, हे मी त्यात लिहिलं होतं. त्याबद्दल मला कुणी काही विचारलं नाही.

हे सगळं सविस्तर सांगते आहे ते माझी बाजू मांडायला नाही. त्या मुलाला जे दिसलं ते यंत्राला दिसलं नव्हतं, हे आपल्यापर्यंत पोचावं म्हणून सांगते आहे. यंत्राचा अलार्म ठरावीक आकडा ओलांडला की वाजतो. गुठळी त्याच्या किती तरी आधी सुरू झालेली असते आणि सुरू झाली की ती दिसते. बघणारं कुणी असेल तर.

रक्त शिरेच्या आत असतं तेव्हा त्याला आपल्या घरात असल्यासारखं असतं. शिरेचं अस्तरच त्याला गोठू देत नाही. बाहेरच्या वस्तूला टेकलं की लगेच त्यातली प्रथिनं त्या पृष्ठभागावर बसतात, प्लेटलेट चिकटतात आणि गोठण्याची साखळी सुरू होते. सर्पदंशाच्या चाचणीला नळी काचेचीच लागते ती याच कारणानं, काच रक्ताला गोठायला लावते. यंत्राच्या नळ्या प्लास्टिकच्या असतात, काचेपेक्षा सौम्य, पण परक्याच. कपात रक्ताला हवा लागते. फिल्टरच्या केसाएवढ्या धाग्यांत वेग कमी होतो. डायलिसिसनं पाणी ओढून घेतलं की रक्त दाट होतं. मांडीतून नळी टाकली असेल आणि पेशंटनं पाय दुमडला की पंप थांबतो, रक्त जागीच उभं राहतं. प्रत्येक थांबणं म्हणजे गुठळीला दिलेली संधी. त्यामुळं अलार्म वाजल्यावर तो बंद करून पुढच्या कॉटकडं जाणं, जे आम्ही सगळेच नाइलाजानं करतो, तेच सगळ्यात घातक आहे.

त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी हे समजावून सांगत होते. शब्द सापडेनात. त्याला विचारलं, शेतात ठिबक आहे का? होतं. मग सोपं झालं. ठिबकच्या फिल्टरच्या अलीकडं दाब दाखवणारं एक घड्याळ असतं, पलीकडं एक. दोन्हींतला फरक वाढत चालला की फिल्टरमध्ये गाळ बसतोय असं समजायचं आणि धुवायला काढायचा. पार तुंबून पाणी बंद व्हायची वाट कुणी बघत नाही. डायलिसिसचा फिल्टर तसाच. फिल्टरच्या आधीचा दाब चढतोय आणि नंतरचा तिथंच आहे, तर गुठळी फिल्टरमध्ये आहे. परत जाणाऱ्या नळीचा दाब चढतोय तर गुठळी कपात किंवा त्याच्या पुढं आहे. तो म्हणाला, "मंग ताई, हे तर कुणी बी बघंल की." बघेल. आठ वर्षांपासून ठिबक बघणाऱ्या पोराला जे एका वाक्यात कळलं, त्यासाठी फार शिकलेला माणूस लागत नाही. नेमून दिलेला माणूस लागतो.

आकडा एकटा काही सांगत नाही. फिल्टरच्या दोन बाजूंतला फरक ऐंशी आहे म्हणजे चांगलं की वाईट? सुरुवातीला साठ होता, मग पासष्ट, मग ऐंशी, मग एकशे दहा, असा तासातासाला चढत असेल तर तो फिल्टर आता जाणार. सुरुवातीपासून ऐंशीच असेल तर निवांत. म्हणून दर तासाला लिहिणं लागतं, आणि पाळी बदलताना तो कागद हातात देऊन, यंत्रासमोर उभं राहून हँडओव्हर लागतो. टॉर्च लागतो. टॉर्च मारून फिल्टरचा वरचा आणि खालचा कोपरा, कप, प्रत्येक जोड, तीन तोंडांची तोटी बघायची. गुठळी आधी अशाच आडोशाला धरते, जिथं रक्ताचा वेग मंदावतो. कपाच्या काठाला फेस, नळीत रक्त आणि पिवळसर पाणी वेगळं झाल्यासारखं दिसणं, रंग काळपट होणं, हे सगळं दाबाच्या आकड्याच्याही आधी दिसू शकतं. शंका आली तर सलाईनचा फेरा द्यायचा, फिल्टर क्षणभर फिकट होतो आणि कुठले धागे बंद पडलेत ते स्पष्ट दिसतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, वेळेत कळलं तर रक्त परत देता येतं. फिल्टर जाणारच असेल तर जाऊ द्या, पण पेशंटचं रक्त पेशंटला द्या. त्यासाठी मिळणारा वेळ कधी अर्धा तास असतो, कधी दहा मिनिटं.

चोवीस तास सलग चालणारं डायलिसिस आता मोठ्या केंद्रांत आलं आहे. त्याचा फिल्टर बहात्तर तासांपर्यंत चालवता येतो, पण लक्ष नसेल तर बारा तासांत जातो. हेपॅरिनऐवजी सायट्रेट, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम बांधून यंत्रात रक्त गोठू न देणारं औषध, वापरत असाल तर फिल्टरनंतरचं आयोनाइज्ड (मोकळं) कॅल्शियम लिटरला ०.२५ ते ०.३५ मिलिमोलच्या आसपास ठेवायचं आणि पेशंटच्या अंगातलं वेगळं तपासायचं. ते तपासायचं यंत्र रात्री चालू नसेल तर सायट्रेट सुरूच करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक्मो हा शब्द करोनात आपल्या गावागावांत पोचला. फुप्फुसाचं काम शरीराबाहेर करणाऱ्या या यंत्रावर मोठ्या माणसाला जगवल्याचं पहिलं यश १९७१चं. आपल्याकडचे बहुतेक पेशंट त्यासाठी पुण्या-मुंबईला किंवा हैदराबादला न्यावे लागतात. उद्या इथंही ते यंत्र येईल, यावंच. पण तिथं गुठळी म्हणजे सेट वाया जाण्याची गोष्ट नाही. रक्तात ऑक्सिजन मिसळणारा ऑक्सिजनेटर तुंबला की पेशंटचा श्वासच तुंबला. तिथंही खुणा त्याच, पेशंटला जरा कमी वेळ देणाऱ्या : ऑक्सिजनेटरच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक वाढणं, पंपाचे फेरे तेवढेच असून प्रवाह घटणं, ऑक्सिजनेटरमधून बाहेर पडणाऱ्या रक्तात ऑक्सिजन कमी येणं, पंपाचा आवाज बदलणं, लघवी कोऱ्या चहासारखी होणं, प्लेटलेट आणि फायब्रिनोजेन (गुठळी बनवणारं प्रथिन) उतरणं, डी-डायमर (गुठळी विरघळताना रक्तात येणारे तुकडे) चढणं. जिथं हे यंत्र नीट चालतं तिथं त्याच्याजवळ चोवीस तास माणूस असतो. डायलिसिसच्या यंत्राजवळ आपण आज माणूस ठेवू शकलो नाही, तर एक्मो आणून काय करणार, ही माझी खरीखुरी चिंता आहे.

तपासण्यांबद्दल थोडं. हेपॅरिन चालू असताना एपीटीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणाऱ्या चाचणीचा आकडा, नेहमीच्या दीड ते अडीच पट ठेवायचा असतो. पण निळ्या टोपणाची बाटली रेघेपर्यंत भरली नाही तर आकडा खोटा येतो. हेपॅरिन भरून ठेवलेल्या नळीतूनच नमुना घेतला तरी खोटा येतो. त्या खोट्या आकड्यावर हेपॅरिन कमी केलं जातं आणि दोन तासांनी फिल्टर गोठतो. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, एकदा नाही. आणि रात्री पाठवलेल्या नमुन्याचा रिपोर्ट सकाळी नऊला आला तर तो रात्रीच्या फिल्टरच्या काय कामाचा? रक्त गोठायचा वेळ कॉटजवळच काही मिनिटांत सांगणारी एसीटी चाचणी असते. तिचं यंत्र काही ठिकाणी आहे, नळ्या संपल्यात म्हणून कपाटात आहे.

हेपॅरिनच्या बाटलीचंही सांगते. पाच मिलीची बाटली एका मिलीत एक हजार युनिटची येते आणि पाच हजारचीही येते. आकार सारखाच. एकीत पाच हजार युनिट, दुसरीत पंचवीस हजार. घाईत, कमी उजेडात, एकाच खोक्यात दोन्ही. औषधभांडारानं अतिदक्षता विभागाला एकाच ताकदीची बाटली द्यावी, एवढं तर एका आदेशानं होईल.

हेपॅरिन देऊनही फिल्टर वरचेवर गोठत असतील आणि पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास प्लेटलेट निम्म्यावर येत असतील, तर हेपॅरिन वाढवायचं नसतं. हेपॅरिनमुळंच प्लेटलेट घटून गुठळ्या होत असण्याची शंका घ्यायची आणि ते थांबवायचं. डॉक्टरांना हे माहीत असतं. पण "काल दोन फिल्टर गेले, आज तिसरा" हे त्यांना कोण सांगणार? तीन पाळ्यांतल्या तीन सिस्टरांच्या डोक्यात ते विखुरलेलं असतं, कागदावर कुठंच नसतं.

लाइट जाण्याबद्दल आपल्याला मी काय सांगू. जनरेटर सुरू व्हायला वेळ लागतो. जुन्या यंत्रांची बॅटरी तेवढा वेळ टिकतेच असं नाही. पंप थांबला की रक्त थांबलं. अशा वेळी हातानं फिरवायचा दांडा यंत्राबरोबर येतो. बाणाच्या दिशेनं सावकाश फिरवायचा, परत जाणारी नळी क्लॅम्पमधून मोकळी करायची आणि हवेवर स्वतः नजर ठेवायची, कारण हवा पकडणारा सेन्सर तेव्हा भरवशाचा नसतो. आपल्या विभागात तो दांडा कुठं आहे, हे रात्रपाळीला एकदा जाऊन विचारा. मी ज्या एका ठिकाणी होते तिथं तो भांडारात, खोक्यात, सीलबंद होता.

हेपॅरिन १९१६ साली जे मॅक्लीन नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याला सापडलं, डायलिसिसचं यंत्र विलेम कोल्फ यांनी १९४३ साली युद्धात होरपळणाऱ्या नेदरलँड्समध्ये बनवलं. तेव्हापासून यंत्रं कितीतरी सुधारली, पण रक्त परक्या वस्तूला टेकलं की गोठतं, हे बदललेलं नाही. आणि जवळ बसून बघण्याचं मोल आपल्या भागाला कुणी शिकवायला नको. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर महाडला विंचू चावलेल्या पेशंटच्या उशाशी रात्र रात्र बसले, नाडी, घाम, रक्तदाब लिहीत राहिले आणि त्यातून प्राझोसिन या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधाचा उपचार जगापुढं आला. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्याकडं मोठी यंत्रं नव्हती. ते तिथं बसले होते.

आता मागणी. मला एकच मागायचं आहे. अतिदक्षता विभागात रक्त शरीराबाहेर फिरवणारं कुठलंही यंत्र चालू असेल, तर ते सुरू केल्यापासून बंद करेपर्यंत त्याच्याजवळ एक माणूस हवा. परिचारिका असेल, डायलिसिसचा तंत्रज्ञ असेल. त्या वेळात त्याला दुसरा पेशंट द्यायचा नाही, नमुना घेऊन लॅबला पाठवायचं नाही, भांडारात पाठवायचं नाही. ड्यूटी लिस्टवर त्याचं नाव त्या यंत्रासमोर लिहायचं. माणूस नसेल तर नोंदवहीत तसं लिहायचं, आणि ती नोंद रोज सकाळी अधिसेविकांमार्फत आपल्या टेबलावर यायची.

आणि त्या माणसाला अधिकार द्या. फिल्टर जातोय असं दिसलं तर डॉक्टर येईपर्यंत थांबायचं नाही, रक्त परत देऊन यंत्र थांबवायचं, असा लेखी स्थायी आदेश काढा. आज आमच्या मुली घाबरतात. सेट लवकर काढला तर नोटीस, उशिरा काढला तरी नोटीस. मग त्या फोन लावत बसतात, आणि ती दहा मिनिटं तिथंच जातात.

मनुष्यबळ नाही, हे उत्तर मला पाठ आहे. अतिदक्षता विभागात एका पेशंटमागे एक परिचारिका, हे प्रमाण कागदावर आहे आणि ते उद्या होणार नाही हेही मला कळतं. पण प्रत्येक पेशंटजवळ नाही, फक्त चालू यंत्राजवळ, एवढंच मी म्हणते आहे. डायलिसिस विभागात दिवसा तंत्रज्ञ असतात. त्यांची एक रात्रपाळी लावता येईल. रात्री तातडीचं नसलेलं डायलिसिस सकाळी सातला सुरू करता येईल, तेव्हा माणसं जास्त असतात. त्या बाईचं डायलिसिस तातडीचं होतं, थांबण्यासारखं नव्हतं, पण अशा किती रात्री असतात? वाया गेलेला एक सेट, एक रक्ताची पिशवी, पुन्हा नवा सेट, वाया गेलेले चार तास, हे एका माणसाच्या एका पाळीच्या पगाराशी आपणच ताडून बघावं.

नातेवाइकांना बघायला बसवा, असंही मला एकानं सुचवलं. त्याला माझा पूर्ण विरोध आहे. त्या मुलानं बघितलं, दोनदा सांगितलं, तरी मी गेले नाही. आपल्या आईचं रक्त काळं पडताना त्यानं एकट्यानं बघितलं. त्याच्या वाट्याला ते पुन्हा कुणी देऊ नये.

मी तासातासाच्या नोंदीचा एक तक्ता बनवला आहे. वेळ, पंपाचा वेग, तिन्ही दाब, फिल्टरच्या दोन बाजूंतला फरक, टॉर्चनं काय दिसलं, सलाईनचा फेरा, अलार्म किती वेळा आणि कशामुळं, पाहणाऱ्याची सही. एका पानाचा आहे, झेरॉक्स काढता येते. पत्रासोबत जोडला आहे. ज्या विभागाला हवं असेल त्यानं परिसेविकांकडून कळवावं, मी येऊन शिकवीन. प्रवासखर्च नको. माझी साप्ताहिक सुटी गुरुवारी असते.

आपली विश्वासू,
एक अधिपरिचारिका
अतिदक्षता विभाग, मराठवाडा